आमच्या घरचा सोमवार

पांढरकवड्याला हायवेवर टायरचं दुकान असून ते रविवारी बंद ठेवणारा माणूस एकच, आणि तो माझा नवरा. ट्रकची चाकं काही वार बघून पंक्चर होत नाहीत. रविवारी एखादा ड्रायव्हर येतो, शटर वाजवून वाजवून थकतो आणि शेजारच्या पानठेल्यावर चौकशी करतो. पानठेलेवाला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता सांगतो, "नाही उघडत तो आज. मॉर्मन आहे." ड्रायव्हर म्हणतो, "मतलब?" इथं पानठेलेवाल्याची गाडी अडते. इतक्या वर्षांत त्याला 'मतलब' काही सांगता आलेला नाही. तो नुसता हात हलवतो आणि पुढच्या पंक्चरवाल्याचा पत्ता देतो.

आम्ही बंजारा, तांड्यातली माणसं. घरात गोर बोली, बाजारात वऱ्हाडी, पाहुण्यांशी गरज पडली तर हिंदी. नवरा आधी ट्रकच चालवायचा, नागपूर ते हैदराबाद. हैदराबादजवळ एकदा गाडी उलटली, पाय मोडला, आणि तिथल्या एका दवाखान्यात तो कितीतरी दिवस पडून राहिला. त्या दवाखान्यात पांढरा शर्ट आणि टाय लावलेली दोन पोरं यायची, मॉर्मन म्हणजे ख्रिस्ती लोकांतल्या एका अमेरिकन पंथाचे प्रचारक. छातीवर नावाची काळी पट्टी, तिच्यावर दोघांच्याही नावाआधी 'एल्डर'. एल्डर म्हणजे वडीलधारा, आणि एकालाही धड मिशी फुटलेली नव्हती. एक आंध्रातला, एक परदेशातला. त्यांनी याचा डबा आणला, कपडे धुतले, याच्याशी मोडक्यातोडक्या हिंदीत गप्पा मारल्या. पाय जुळून नवरा घरी आला तो मॉर्मन होऊन, त्यांच्यात न चालणारी दारू, खर्रा आणि चहा तिन्ही सोडून आला. दारू सुटली म्हणून मी गल्लीत पेढे वाटले. चहा सुटला तेव्हा मात्र भांडले. आमच्याकडं कुणाच्या घरी जाऊन चहाला नाही म्हणणं म्हणजे त्या घराशी वैर धरणं, आणि हा बाबा साऱ्या नातेवाइकांकडं जाऊन हात जोडत होता.

मी त्याच्या वाटेनं गेले ती बऱ्याच उशिरा, आणि तेही कुठल्या मोठ्या साक्षात्कारानं नाही. मी गेले ती सोमवारमुळं.

मॉर्मन घरांत सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखून ठेवायची पद्धत आहे. त्या संध्याकाळी कुणाकडं जायचं नाही, टीव्ही बंद, फोन दिवाणावर उशीखाली. सगळ्यांनी एका ठिकाणी बसायचं. एक गाणं, एक प्रार्थना, चार चांगल्या गोष्टी, मग एखादा खेळ आणि शेवटी खाऊ. कुणी काय करायचं त्यासाठी पुठ्ठ्याचं एक गोल चक्र असतं. आमचं चक्र मुलीनं लहानपणी साडीच्या खोक्यापासून बनवलं. त्यावर गाणं, प्रार्थना, गोष्ट, खेळ, खाऊ, भांडी असे भाग आणि आमच्या नावाचे कपड्याचे चिमटे. दर आठवड्याला चक्र एक घर पुढं सरकतं. ज्याच्या चिमट्यापुढं जे येईल ते त्यानं करायचं, कुरकुर चालत नाही. नवऱ्याच्या चिमट्यापुढं पहिल्यांदा 'भांडी' आली तेव्हा मी मोरीच्या दाराशी उभी राहून बघत होते. तांड्यात वाढलेला, ट्रक चालवलेला माणूस गुडघ्यावर पाणी उडवत कढई घासत होता. मला हसू आलं. त्या आठवड्यात मी त्याला म्हणाले, मलाही सांग हे काय आहे ते.

आमचं प्रार्थनाघर म्हणजे हैदराबाद, आणि ते काही दर रविवारी गाठता येत नाही. नवरा पंधरवड्यातून एकदा जाऊन येतो. एरवी रविवारी आम्ही घरीच बसतो, नवरा पावाचा तुकडा आणि पाणी प्रार्थना करून देतो, मोबाईलवर तिकडची सभा ऐकतो. एकदा बेकरी बंद होती म्हणून ज्वारीची भाकर मोडली, तीही चालली. हिंदीतली स्तोत्रं नवरा अशा काही ठेक्यात म्हणतो की खिडकीतून ऐकणाऱ्याला वाटावं, कव्वालीचा मुकाबला सुरू आहे.

पहिली कित्येक वर्षं आमच्या कॉलनीत कुणाला मॉर्मन म्हणजे काय हे माहीत नव्हतं आणि आमचं सुखात चाललं होतं. अज्ञान फार सोयीचं असतं. मग इंटरनेट स्वस्त झालं आणि घरोघरी ज्ञान आलं. कुणीतरी हिंदीत डब केलेली एक अमेरिकन मालिका पाहिली. त्यात एक मॉर्मन, त्याच्या चार बायका, चार घरं, आणि तो बिचारा गाडी घेऊन या घरातून त्या घरात पळतोय. दुसऱ्या कुणी खुनाचा तपास पाहिला, त्यातही मॉर्मन. समोरच्या वहिनींनी मला भाजी निवडता निवडता विचारलं, "काहो, तुमचे हे पंधरवड्यातून एकदा हैदराबादले जातेत, तिकडं कोणी आहे का?" मी त्यांच्या हातातली मेथी काढून घेतली आणि म्हणाले, "आहे ना. तिघी आहेत. महिन्याचं रेशन मीच धाडते." त्यांना तीन दिवस ते खरं वाटलं.

आता लपवत कशाला, त्या मालिका मीही पाहिल्या. मॉर्मन बायकांचीच एक आहे. ओठ फुगवलेल्या, केस पिवळेधमक, सगळ्या एकमेकींच्या चुगल्या करतात आणि चहा-कॉफी चालत नाही म्हणून बादलीएवढ्या पेल्यातून सोडा पितात. कानात वायर घालून भाकरी थापता थापता मी सगळी मालिका संपवली. नवऱ्यानं पकडलं तेव्हा म्हणाले, "लोक काय पाहून राह्यले ते मले माहीत नको?" खरं सांगायचं तर मजा आली. त्यांच्यातल्या एकीची सासू अगदी माझ्या मोठ्या नणंदेसारखी बोलायची.

मजा संपली ती मुलीच्या सोयरिकीच्या वेळी.

मुलगी यवतमाळला एका दवाखान्यात नर्स आहे, घरून जाऊन-येऊन करते. तिथंच लॅबमध्ये काम करणारा मुलगा, मुकुटबनकडच्या तांड्यातला, म्हणजे आमच्यातलाच. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. आम्हाला मुलगा आवडला. साधा, कमी बोलणारा, आणि दारूच्या नावानं हात वर करणारा. त्याला वडील नाहीत. घरात शब्द चालतो तो त्याच्या मोठेबाबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा. आणि मोठेबाबांच्या हातात चोवीस तास मोबाईल. पुतण्यानं 'मॉर्मन' शब्द उच्चारल्याबरोबर त्यांनी तो शोधला, आणि मोबाईलनं त्यांना जे द्यायचं ते दिलं.

मुलीनं मला एका वाक्यात सांगून टाकलं. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. ती म्हणाली, "याडी, ते नाही म्हणले तर नाहीच. तो घर सोडून येनार नाही, अन् मी त्याले सोडू देनार नाही. अन् मी जशी आहे तशीच जाईन." एवढं बोलून ती ड्युटीवर गेली आणि मी दिवसभर हातातलं काम टाकून बसले. तिचं सगळं सुख त्या मोबाईलवाल्या माणसाच्या होकारात अडकलं होतं, आणि वर तिची ही अट. मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

मोठेबाबांचा फोन आला. "येऊन पाहून जातो," म्हणाले. नवरा म्हणाला, "या ना, मंगळवारी या, बुधवारी या." ते म्हणाले, "सोमवारीच येतो. सांजच्याले." नवऱ्यानं फोनवर हात ठेवून माझ्याकडं पाहिलं. मोठेबाबांनी कुठंतरी वाचलं होतं की मॉर्मन लोक सोमवारी संध्याकाळी दारं लावून घरात काहीतरी करतात. ते काय, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

"येऊ दे," मी म्हणाले. "आपण का दारं लावून बकरं कापतो?"

ते आले बोलेरोनं. मोठेबाबा पुढं, पांढरे कडक कपडे. मुलगा गाडी चालवत. मागच्या सीटवर मुलाची आई, डोक्यावर पदर, बोलण्याचं सारं काम थोरल्या दिरावर सोपवलेलं. आणि दादी, मुलाची आजी, हातभर चांदी घातलेली, पाठीत वाकलेली, नजर मात्र बाजारात बैल पारखणाऱ्यासारखी. तिला धरून उतरवायला गेले तर तिनं माझाच दंड पकडून मला बाजूला केलं.

आता घोळ असा झाला होता. घरात चहापत्ती नाही, हे मला माहीत होतं. चौकातून चहा मागवायचं मी ठरवलं होतं. आपण पीत नाही म्हणून पाहुण्याला कोरडं बसवायचं का? पण त्या आठवड्यात चक्रावर मुलीच्या चिमट्यापुढं 'खाऊ' होता. ती म्हणाली, माझी पाळी आहे, मी करते. मी पोहे करतेय तोवर तिनं काय करावं? तिच्या मोबाईलवर त्या अमेरिकन बायकांचा सोडा फिरत होता, काळा सोडा, त्यात नारळाचा रस, वर साय आणि लिंबू. तिनं तोच केला. स्टीलच्या पेल्यांतून ती बाहेर घेऊन गेली तेव्हा मी कढईपाशी होते. बाहेर आले तर लिंबानं साय फाटून वर पांढऱ्या गाठी तरंगत होत्या, आणि मोठेबाबा पेल्यात असे बघत होते जणू आत पाल पडली आहे.

"चहा नाही का?" ते म्हणाले.

"आम्ही घेत नाही," मुलगी म्हणाली. आणि थोडं थांबून, "तुमच्यासाठी आनते बाहेरून."

"राहू दे," मोठेबाबा म्हणाले. आमच्याकडं सोयरिकीच्या वेळी 'राहू दे' या दोन शब्दांनी किती लग्नं मोडलीत ते मला माहीत आहे.

दादीनं मात्र पेला तोंडाला लावला. एक घोट, दुसरा घोट. मग तिनं असा एक ढेकर दिला की दारात बसलेली मांजर उठून गेली. "पोटातला वारा मोकळा झाला बाई," ती म्हणाली आणि पेला संपवून खाली ठेवला.

मोठेबाबांनी मोबाईल काढला. "भाऊ, राग नका मानू. पण पोराचा बाप नाही, मले पाहावं लागते. तुमच्यात माणूस किती बायका करते?" आणि त्यांनी सगळ्यांना दिसेल असा मोबाईल धरला. तोच तो मालिकेतला माणूस, चार बायकांच्या मधोमध, दात काढून हसत.

नवरा शांत माणूस आहे. तो म्हणाला, "एक. फार पूर्वी तिकडं अमेरिकेत काही लोक करत होते. शंभर वर्षांच्या वर झाले, बंद झालं. आता कोणी केलं तर त्याले आमच्यातून काढून टाकतेत."

"मंग हे काय आहे?" मोठेबाबांनी मोबाईल हलवला.

"ते नाटक आहे, भाऊ."

"असं कसं नाटक? नाव तर तुमचंच लिहिलं आहे."

तोवर मी गप्प होते. गप्प बसणं माझ्या चक्रावर कधीच येत नाही. मी म्हणाले, "भाऊ, टीव्हीवरच्या आपल्या मालिका पाह्यता ना? तिथं सासू सुनेच्या दुधात औषध टाकते. या पोराची माय टाकते का?" मुलाच्या आईचा पदर हलला, ती हसत होती की घाबरली होती, कळलं नाही. "त्या मोबाईलवरून मही पोरगी जोखता? ती रातभर दुसऱ्याच्या माणसाले सलाईन लावते, ते नाही दिसत त्याच्यात?"

माझा आवाज चढला होता. नवऱ्यानं हळूच माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, संपलं सगळं. माझ्याच तोंडानं संपवलं. मुलगी ट्रे छातीशी धरून उभी होती, आणि मुलगा स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत होता.

तेव्हा दादीनं विचारलं, "सोमवारी तुमी करता काय?"

"करूनच दाखवतो," नवरा म्हणाला.

आणि त्यानं खरोखर केलं. उठून दार सताड उघडं ठेवलं, म्हणजे कुणाला शंका नको. भिंतीवरचं चक्र काढून दादीच्या मांडीवर ठेवलं आणि कुठला चिमटा कोणाचा ते समजावून सांगितलं. मग त्याच्या कव्वालीच्या ठेक्यात एक गीत म्हटलं. मुलीनं छोटी प्रार्थना केली. त्या आठवड्यात 'खेळ' माझ्याकडं होता आणि आमचा खेळ ठरलेला, अंताक्षरी, सिनेमाची गाणी. इतकं सगळं झाल्यावर गाणी म्हणायची माझी अजिबात इच्छा नव्हती, पण चक्र म्हणजे चक्र. मी एक जुनं गाणं सुरू केलं. अक्षर आलं मुलाकडं. त्यानं मोठेबाबांकडं पाहिलं आणि मग मान खाली घालून, अगदी सुरात, पूर्ण कडवं म्हटलं. मुलगी लाजून भिंतीकडं वळली. दादीला सिनेमाची गाणी येत नव्हती, म्हणून तिनं आमच्या बोलीतलं लग्नातलं गाणं म्हटलं. अक्षर वगैरे काही जुळत नव्हतं आणि कुणी हरकत घेतली नाही. मुलाची आई तिच्या मागोमाग गुणगुणायला लागली. मोठेबाबांनी तेवढा हातातला मोबाईल सोडला नाही.

खेळ संपला. नवऱ्यानं पेले आणि पोह्यांच्या ताटल्या गोळा केल्या आणि मोरीत जाऊन धुवायला बसला. पाहुण्यांना सोडून असं जायला नको होतं खरं तर, पण 'भांडी' त्याच्याकडं होती आणि त्याला दुसरं काही सुचतच नाही. मोरी खोलीतून सरळ दिसते. दादी त्याच्याकडं बघत बसली. नळाचं पाणी वाहत होतं, घासणी वाजत होती.

"पोरी," दादी माझ्या मुलीला म्हणाली, "आतून मले पाणी आन. गरम करून आन." पाणी गरम व्हायला वेळ लागतो, हे तिला चांगलं माहीत होतं. मुलगी आत गेली.

मग दादी मोठेबाबांकडं वळली. "तू अमेरिकेले कायले गेला रे बायका मोजाले? घरी काय कमी होत्या?"

मोठेबाबांचा चेहरा पडला. "म्हातारे, आता ते काहून काढतं?"

"तू अमेरिकेचं काढतो म्हनून मी घरचं काढते." ती माझ्याकडं बघून बोलू लागली. "मी दुसरी होय बाई. याची माय पयली. तिले लय दिवस पोर झालं नाही म्हनून मले आनलं, अन् मी आली त्याच सालात हा तिच्या पोटी आला. मंग मह्या पोटी या पोराचा बाप. मालक एक दिवस तिच्याकडं, एक दिवस मह्याकडं. तिचा दिवस असला का मी रडो, महा दिवस असला का ते रडे. ते वाईट नव्हती. मी बी वाईट नव्हती. पन सारे एका जागी बसले, हासले, असा दिवस आमच्या घरी उगवला नाही. मालक मरेपर्यंत नाही."

मोरीतलं पाणी थांबलं होतं. नवरा तिथंच ओल्या हातानं बसून ऐकत होता.

"हा मानूस ताटं धुते," दादी म्हणाली. "बायको बोलते तर आयकून घेते. अन् हप्त्यातून एक सांज सगळे एकामेकाच्या तोंडाकडं पाहत बसतेत. मले याच घरची पोट्टी पाह्यजे. तिनं चहा नाही पेला तर मह्या गवळ्याची म्हैस नाही आटत."

मोठेबाबांनी मोबाईलकडं पाहिलं. पडद्यावरचा तो माणूस अजून चार बायकांमध्ये हसत होता. त्यांनी अंगठ्यानं पडदा काळा केला आणि मोबाईल खिशात घातला. मग म्हणाले, आणि त्यांचा आवाज आतापर्यंतचा नव्हता, "मही माय असती तर ते बी हेच म्हनली असती."

दादीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही. थोड्या वेळानं त्यांनी नाक ओढलं आणि मोरीकडं तोंड करून मोठ्यानं विचारलं, "भाऊ, तुमच्यात लग्नाले कोनता महिना चालते?"

"कोनताबी," नवरा आतून म्हणाला.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. माझे डोळे वाहत होते आणि मी ते पुसतही नव्हते. गॅसवर पाणी उकळून अर्धं झालं होतं. मुलगी दाराच्या चौकटीला कान लावून उभी होती, पण दादी हळू बोलत होती आणि तिला शेवटचा लग्नाच्या महिन्याचा प्रश्न तेवढा ऐकू आला होता.

"काय म्हनले?" तिनं विचारलं. "चहाचं म्हनले? पेत जाय म्हनले? की रविवारचं सोड म्हनले?" आणि मग, ज्या मुलीनं मला ठणकावून सांगितलं होतं तिच्याच तोंडून, अगदी हळू, "याडी, काय काय सोडावं लागते?"

मी गॅस बंद केला. "काहीच नाही," मी म्हणाले. "तुले आहे तशीच मागतली."